मेस्सीचा उजवा पाय
एका सामन्यात गोल झाला नाही की मेस्सीचा फॉर्म गेला आणि त्याचा उजवा पाय उभे राहण्यापुरताच आहे, हे काही चाहत्यांचे मत मला अजिबात पटत नाही. २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर बायर्न म्युनिकविरुद्ध त्याने पहिला गोल डाव्या पायाने केला आणि अवघ्या तीन मिनिटांनी बोआटेंगला अशी हूल दिली की तो बचावपटू जागीच कोसळला. मग पुढे आलेल्या गोलरक्षक नॉयरवरून चेंडू अलगद उचलला, तो उजव्या पायानेच. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील जादा वेळेतला त्याचा गोलही उजव्याच पायाचा होता. बचावपटू त्याचा डावा पाय रोखण्यात गुंतलेले असतात, म्हणून ही अचूकता मला विशेष मोलाची वाटते.