‘चोचले’ या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाळंतिणीच्या मनःस्थितीवर मी गेल्या आठवड्यात जे लिहिले, त्यावर बेळगाव जिल्ह्यातील खानापूर भागातील एका ज्येष्ठ वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया पाठवली आहे. तिचा गोषवारा असा : ‘आमच्या आज्ज्यांनी शेताच्या बांधावर बाळंतपणे उरकली, त्यांना असले चोचले परवडत नव्हते, लेखिकेने आकडे फुगवून मुलींना भित्रे केले आहे, कन्नडचा विषय विनाकारण मध्ये आणला आहे, आणि रानातल्या गावातून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे कसे, याबद्दल लेखात अवाक्षर नाही.’ शेवटी त्यांनी आपल्या सुनेचा दाखला दिला आहे.

आकड्यांबाबत एक चूक मला मान्य आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक स्त्रियांना विनाकारण रडू येते आणि बहुधा दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. या अवस्थेला आणि नैराश्याच्या आजाराला मी एकाच वाक्यात गोवले, ते चुकलेच. परंतु आकडा फुगवलेला नाही. भारतातील ३८ अभ्यास एकत्र तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले आहे.

आता ‘चोचले’. आपण हा शब्द सहज लिहिला असेल, पण मी तो सहज सोडू शकत नाही. आपल्या आज्जींना हे झाले नाही, हे आपल्याला कोणी सांगितले? बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना प्रवेश नव्हता. तिथे सव्वा महिना काय घडत होते ते आपल्यापर्यंत पोहोचले नाही, म्हणून ते घडलेच नाही असे कसे ठरते? माझ्या आज्जीच्या थोरल्या बहिणीने बाळंत झाल्यावर आठव्या दिवसापासून झोप सोडली होती, तिला भिंतीतून आवाज ऐकू येत आणि ती बाळ कोणाच्या हाती देत नसे. घरच्यांनी ‘बाहेरचे लागले’ म्हणून देवऋषी आणला, नारळ उतरवले, अंगारा लावला. नैराश्याहून वेगळा, हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा हा गंभीर मनोविकार (पोस्टपार्टम सायकोसिस) आहे, त्यात त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, हे त्या घराला ठाऊक नव्हते. आज्ज्यांच्या पिढीकडे ‘वारे लागले’, ‘दृष्ट झाली’ असे शब्द होते, आणि ज्याला नावे होती ते अस्तित्वातही होते. त्यांच्या कष्टांचा मला आदर आहे; त्या कष्टांचा दगड करून आजच्या मुलींच्या डोक्यात घालणे मला मान्य नाही.

हाच शब्द मी १९९७ च्या पावसाळ्यात माहेरच्या ओसरीवरून ऐकला, मी आत बाजेवर असताना. पहिली मुलगी झाली होती. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेक-शेगडी, काहीच कमी नव्हते. आईने तर जिवाचे रान केले होते. तरीही बाळ निजल्यावर मला झोप लागत नसे, घास गिळवत नसे, आणि मांडीवरचे मूल शेजारणीने क्षणभर ठेवायला दिले असावे असे वाटे. वार पडल्यानंतर शरीरातील संप्रेरके झपाट्याने उतरतात, त्यात जागरण, रक्ताची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांची भर पडते, हे मला फार नंतर कळले. तेव्हा एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळाले आणि घरात ‘चोचले’ हे निदान झाले. त्या दोन्हींत चार महिने गेले. विहिरीकडे मी एकटीने जाऊ नये, हे अखेर आईच्या लक्षात आले, म्हणून मी हे लिहायला उरले आहे. तेव्हा कृपा करून मला भित्रेपणा शिकवू नका.

कन्नडबद्दल तुमचा पूर्ण गैरसमज झाला आहे. धारवाडला तज्ज्ञांसमोर बसले, तेव्हा माझे कन्नड बाजारापुरते होते. ‘मला माझे बाळ परके वाटते’ हे वाक्य मला त्या भाषेत जुळवता येईना. डॉक्टरांनी हातानेच खूण करून मराठीत बोलू दिले, आणि मी पाऊण तास बोलले. यात सीमाप्रश्न कुठे आला? बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेल्या एडिनबरा प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांतील मनःस्थितीविषयी दहा प्रश्न आहेत, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. असा प्रश्न ज्या भाषेत रडू येते त्याच भाषेत विचारायला हवा, एवढेच माझे म्हणणे होते व आहे.

रानातल्या गावांचा मुद्दा वेगळ्या लेखाचा आहे. तूर्त टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर घरातून बोलता येते, एवढे सांगून तो बाजूला ठेवते.

राहिली आपली सून. तिचे बाळंतपण होऊन दीड महिना झाला, ती ‘अगदी शांत असते, कोणाशी बोलतही नाही’, म्हणून ती ठणठणीत आहे, असे आपण लिहिले आहे. हे वाक्य मी चार वेळा वाचले. बाळ निजल्यावर तिला झोप लागते का, हे घरातील कोणा स्त्रीने आज तिला एकटीला गाठून विचारावे. मला उत्तर पाठवले नाही तरी चालेल.