पाचोळा झाडाखालीच राहू द्या

काल पहाटे सहाच्या सुमारास गॅलरीचं दार उघडलं आणि धुराचा भपकारा आत आला. खाली बघितलं तर मागच्या भिंतीला लागून पानांचा ढीग धुमसत होता आणि आपल्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी नाकाला पदर लावून बाजूला उभ्या होत्या. जाळ कुठेच नव्हता. पानं दवानं ओलसर, त्यामुळे नुसता पिवळट, दाट धूर, आणि तो वर जाईना. पहिल्या मजल्याच्या उंचीवर चादर अंथरल्यासारखा पसरून राहिलेला. मी खाली गेले तेव्हा मावशींना खोकल्याची ढास लागली होती. जरा दम घेऊन म्हणाल्या, "ताई, पानं न्यायचा टेम्पो आठ दिस आला न्हाई. ढीग दिसला की मला बोलणी बसत्यात. मी कुठं ठिवू ही पानं?"

मी निरुत्तर झाले. त्यांना कुणी जागाच दिलेली नाही. "आवार स्वच्छ दिसलं पाहिजे" एवढंच आपण सगळ्यांनी सांगितलंय. त्यामुळे काडी त्यांनी लावली असली तरी तो जाळ आपलाच आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या सोसायटीच्या आवारात एक जुना पिंपळ, दोन बदाम आणि चार आंबे आहेत. शिवाय रस्त्यापलीकडच्या रेन ट्रीची बारीक पानं वाऱ्याबरोबर आपल्याकडेच येतात. माघ सरता सरता हे सुरू होतं आणि चैत्रपालवी फुटेपर्यंत चालतं. पाश्चात्त्य देशांत पानगळ होते ती हिवाळ्याच्या तोंडावर. आपल्याकडची झाडं पानं टाकतात ती मुख्यतः पाणी वाचवायला. पुढे कोरडे महिने असतात आणि पानांतून सतत पाणी उडत असतं, म्हणून झाड तो खर्च कमी करतं. टाकण्याआधी पानातलं नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) जेवढं काढून घेता येईल तेवढं ते परत आत ओढून घेतं. बदामाचं पान गळण्यापूर्वी लालभडक होतं, तेव्हा त्यातला हिरवा रंग मोडीत निघालेला असतो. मागे उरतो तो कर्ब (कार्बन), चुना आणि चिवट धागे. हे पान खाली पडतं, मुळांवर पांघरूण होतं, पावसात कुजतं आणि त्याच झाडाच्या पोटात जातं. आपण मध्येच खराटा घेऊन उभे राहतो आणि ते पांघरूण ओढून काढतो. तेही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर.

परवा दुपारी दीड वाजता मी मुद्दाम दोन्हीकडे हात लावून बघितला. पिंपळाच्या पाराशेजारची झाडून लख्ख केलेली माती तव्यासारखी तापली होती, वर तडे गेलेले. तिथून दहा पावलांवर, पंपघराच्या मागे, कुणी झाडत नाही त्या कोपऱ्यात चार बोटं पाचोळा साचलाय. तो बाजूला केला तर खालची माती गार, काळसर, दोन गांडुळं आणि पांढऱ्या बुरशीचे धागे. आमच्याकडचे सातभाई पक्षी पानं उलथीपालथी करत सकाळभर कलकलाट करतात तो त्याच कोपऱ्यात, उगाच नव्हे. झाडं तीच, ऊनही तेच.

आता जाळण्याबद्दल. ओलसर पानं नीट जळत नाहीत, ती धुमसतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि पीएम 2.5 म्हणतात ते अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, जे थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता आपल्या खिडक्यांशीच घोटाळतो. आपल्या इमारतीत दम्याचे तीन पेशंट आहेत, एक तर सहा वर्षांचा मुलगा. आणि सगळ्यात जवळून तो धूर घेतात त्या मावशी.

कायद्याचं म्हणाल तर 2016 च्या केंद्राच्या घनकचरा नियमांत कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली गेली आणि बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवून दिला. पण दंडाच्या धाकानं थांबण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

माझं माहेर दापोलीकडचं. तिकडे पाचोळ्याला पातेरा म्हणतात. पावसाआधी आई आणि काकू आंब्या-काजूखालचा पातेरा पाट्या भरभरून आणायच्या. काही गोठ्यात गुरांखाली जायचा, तो शेणामुताबरोबर कुजून खत व्हायचा, आणि बाकीचा माड-पोफळींच्या आळ्यांत. एकाही पानाला कुणी घाण म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. "पण कोकणातच तर राब भाजतात," असं मागच्या बैठकीत मला ऐकवलं गेलं. खरं आहे. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यासाठी, शेण, टाहाळ (झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या), पातेरा पसरून भाजावळ करतात, जमिनीतलं तण मरावं आणि रोपं जोमदार यावीत म्हणून. मी स्वतः ती बघत मोठी झाले आणि त्यातही नुकसान आहे असंच माझं मत आहे. पण निदान त्या राखेत पुढे भात पेरलं जायचं. आपल्या ढिगाची राख गटारात जाते. या दोन्हींची तुलना करू नका.

गेली तीन वर्षं मी पंपघरामागे पानांचं खत करतेय. कोंबडीजाळीचा तीन फूट रुंद, चार फूट उंच गोल उभा केला आणि पानं भरली. पहिल्या वर्षी नुसती भरली. ऑगस्टमध्ये उघडलं तर वरची वीतभर कुजलेली आणि आत पानं जशीच्या तशी कुरकुरीत! एवढा पाऊस होऊन पाणी आत गेलंच नव्हतं, वरची पानं कौलांसारखी एकमेकांवर बसली होती. तेव्हापासून वीतभर थर झाला की पाणी मारायचं, पायानं तुडवायचं आणि वर शेणकाल्याचा एक तांब्या, नाहीतर मूठभर जुनं खत. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 30 भाग कर्बामागे 1 भाग नत्र लागतो आणि वाळक्या पानात नत्र त्याहून बरंच कमी असतं, म्हणून हे विरजण. शेण नसेल तर भाजीची देठं, निर्माल्यातली फुलं चालतात. एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी पाणी हवंच. पिळलेल्या फडक्याइतकी ओल पुरे.

रेन ट्रीची पानं सगळ्यांत आधी विरघळतात. पिंपळाची मधल्या टप्प्यात अशी सुंदर जाळी होते, लहानपणी आपण वहीत ठेवायचो ना, अगदी तशी. आंब्याची पानं मात्र चिवट, वर्ष सहज घेतात. ती मी हातानं चुरून घालते किंवा थेट आळ्यात पसरते. दिवाळीच्या सुमारास चाळणीतून निघणारं खत ओंजळीत घेतलं की पहिल्या पावसाचा वास येतो. गच्चीवरच्या माझ्या सगळ्या कुंड्या त्यावर आहेत. कुंडीच्या तळाला अर्ध्यापर्यंत नुसती वाळकी पानं दाबून भरते, त्यामुळे वजनही कमी राहतं. तीन वर्षांत मी बाहेरून खत किंवा कोकोपीट आणलेलं नाही. सोसायटी मात्र फेब्रुवारीत पानं न्यायला टेम्पोचे पैसे देते आणि जूनमध्ये त्याच बागेसाठी खताच्या गोण्या विकत घेते.

सापाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. घोणस पाचोळ्यात दिसत नाही, हे कोकणात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून ढीग जिन्याशी, पार्किंगशी किंवा मुलांच्या खेळायच्या जागेशी नको. हात घालण्याआधी काठीनं हलवायचं. डासांना साचलेलं पाणी लागतं, ओलसर ढिगात ते अंडी घालत नाहीत. फुटक्या कुंड्या आणि एसीखालच्या बादल्या बघा आधी. झाडाखाली पसरताना थर तीन-चार इंचांचा, आणि खोडापासून वीतभर लांब, म्हणजे वाळवी आणि बुंध्याची कुज टळते. वाट, पायऱ्या आणि गटारांच्या जाळ्या मात्र रोज झाडायलाच हव्यात, त्याबद्दल वादच नाही. पाणी तुंबलं तर दोष पानांच्याच माथी येईल.

ज्यांच्याकडे खरोखरच जागा नाही त्यांच्यासाठी पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा उपक्रम आहे. पानं जास्त झालेले लोक आणि पानं हवी असलेले बागवाले यांची ते गाठ घालून देतात. पोतंच्या पोतं पाचोळा लोक आनंदानं गाडीत घालून नेतात, हे मी स्वतः पाहिलंय.

आपल्याकडे जागा आहे. पंपघरामागची दहा बाय सहा फुटांची पट्टी वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरतोय. कमिटीला मी लेखी विनंती दिली आहे आणि खुर्च्या हलवायला तोंडी होकारही मिळालाय. रविवारी सकाळी साडेसातला आम्ही चौघी तिथे आणखी दोन जाळ्या उभ्या करतोय. कोंबडीजाळी आणि तार आणून ठेवली आहे. घरात रिकामी पोती, जुनं घमेलं, पानं तुडवायला उत्सुक पोरं असतील तर घेऊन या. मावशींना मी सांगून ठेवलंय, सोमवारपासून पानं तिकडेच ठेवायची.