पाचट अज्ञानामुळे पेटत नाही

शेतकरी 'अज्ञानामुळे' उसाचं पाचट, म्हणजे वाळकी पानं, जाळतो, हे पाचट जाळण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या वाळवा भागात पाचट कुजवायचं माप पोरासोरांनाही पाठ आहे: टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर. अडतं दुसरीकडेच. तोडणी लांबली की ऊसतोड मजुरांची टोळी म्हणते, उभा फड पेटवा, नाहीतर कोयता लावत नाही. ऊस जळीत म्हणून कारखान्याची कपात मात्र आमच्याच बिलातून. वर बांधापलीकडच्यानं काडी लावली आणि वारं फिरलं, की आपण राखलेलं पाचटही खाक. माझं दोन वर्षांपूर्वी असंच गेलं.

यंदा खोडव्याचे (तोडलेल्या उसाच्या फुटव्यावर घेतलेल्या पिकाचे) बुडखे छाटून एकाआड एक सरीत पाचट दाबलं. मे महिन्यात हातानं बाजूला सारलं तर खाली माती गार, ओली, आणि गांडुळं! पाण्याची पाळी १० दिवसांवरून १५ वर गेली. पण पहिल्या दोन पाण्यांना पाणी सरीत पुढं सरकतच नाही, खोरं घेऊन उभं राहावं लागतं. त्यात लाईट रात्रीची. हे कुणी लिहीत नाही.