टाके निघाल्यानंतरची वर्षे

सौंदर्यशस्त्रक्रियेच्या संशोधन-चाचणीत सहभागी होणारी व्यक्ती बहुधा शरीराने निरोगी असते, आणि म्हणूनच या चाचण्यांना अधिक कठोर कसोटी लावली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मोडलेले हाड जोडताना धोका पत्करण्याचे कारण दुखापतीतच असते. नाकाचा आकार बदलताना मात्र भूल, जंतुसंसर्ग आणि व्रण यांचा धोका ज्या लाभासाठी स्वीकारायचा, तो लाभ मुख्यतः मनाचा असतो. मग मनाचे पुढे काय झाले, हे दीर्घकाळ न तपासता चाचणी यशस्वी कशी ठरवायची?

काही महिन्यांनी ‘निकालावर समाधानी आहात का?’ असे विचारले की बहुतेक जण होकार देतात, आणि तो होकार प्रामाणिक असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ५४४ जणांची तुलना, इच्छा असूनही ती न करून घेतलेल्या २६४ जणांशी केली होती. वर्षभरानंतर पहिल्या गटात चिंता कमी आणि आत्मसन्मान अधिक आढळला. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तुलनेसाठी योग्य गट होता. पण वर्ष म्हणजे फार थोडा काळ. नॉर्वेत किशोरवयापासून १३ वर्षे पाठपुरावा केलेल्या १,५९७ मुलींच्या अभ्यासात, दरम्यान सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतलेल्यांमध्ये नैराश्याची आणि चिंतेची लक्षणे इतरांपेक्षा अधिक वाढलेली दिसली. शस्त्रक्रियेमुळे नैराश्य आले, असे यावरून सिद्ध होत नाही. या मुलींपैकी अनेकींचे मन आधीपासूनच दुखावलेले होते. तरीही ते दुःख शस्त्रक्रियेने हलके झाले नाही, ही गोष्ट उरतेच.

स्वतःच्या रूपात नसलेले किंवा नगण्य व्यंग सतत दिसत राहण्याचा एक मानसिक विकार आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. अशा व्यक्तींना शस्त्रक्रियेने सहसा आराम पडत नाही. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती व औषधे यांचा उपयोग होतो. त्यामुळे चाचणीत प्रवेश देण्यापूर्वी मानसिक तपासणी झालीच पाहिजे, आणि ती केवळ सहीपुरती नसावी.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पाठपुराव्याची आहे. अमेरिकेतील औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००६ मध्ये सिलिकॉनच्या स्तनरोपणांना परवानगी देताना हजारो स्त्रियांचा १० वर्षे अभ्यास करण्याची अट उत्पादकांवर घातली. २०११ च्या एफडीए अहवालानुसार मेंटॉर कंपनीच्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतर केवळ २१ टक्के स्त्रियांची माहिती मिळत होती, आणि २०१९ मध्ये याच कंपनीला दुसऱ्या एका स्तनरोपणाच्या अभ्यासातील त्रुटींबद्दल एफडीएकडून इशारापत्र मिळाले. ज्या स्त्रिया संपर्काबाहेर गेल्या, त्या सुखात आहेत असे गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. कदाचित त्यांपैकीच काहींना सर्वाधिक त्रास होत असेल.

माझ्या ओळखीचे कोणी अशा चाचणीत नाव नोंदवणार असेल, तर मी त्यांना संमतीपत्रातील पाठपुराव्याचे कलम आधी वाचायला सांगते. किती वर्षे तपासणी होईल, मन खचल्यास कोणाकडे जायचे, आणि रोपण काढावे लागल्यास खर्च कोण करणार, हे तिथे लिहिलेले हवे. स्तनरोपणे आयुष्यभर टिकत नाहीत, हे एफडीए स्वतःच सांगते. त्यामुळे शेवटचा प्रश्न नाव नोंदवतानाच विचारायला हवा. शस्त्रक्रिया मोफत किंवा सवलतीत मिळत असेल, तर तो अधिक आग्रहाने विचारावा, कारण सवलत शस्त्रक्रियेच्या दिवसापुरती असते आणि रोपण अनेक वर्षे शरीरात राहते.