रुझवेल्ट यांचे पत्र आणि खेळाडूंना कधीच न मिळालेली सूट

युद्धाच्या काळात खेळ चालू ठेवावेत की थांबवावेत, हा वाद निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी हुकूम काढून व्यावसायिक बेसबॉल चालू ठेवला, लोकांचे मनोधैर्य टिकावे म्हणून नामवंत खेळाडूंना सैन्यभरतीतून सूट दिली, हंगाम नेहमीसारखे पार पडले, आणि पुरुष खेळाडू कमी पडले तेव्हा स्त्रियांनी मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतल्या, त्यांच्या जागा भरून काढल्या. त्यावरून निष्कर्ष असा काढला जातो की लढणाऱ्या देशानेही आपले मोठे खेळाडू मैदानावरच ठेवावेत. बेसबॉल चालू राहिला, एवढे यात खरे आहे. १९४२ ते १९४५ या चारही वर्षी मेजर लीगचे हंगाम झाले आणि चारही वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, झाली. त्यापुढचे जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे.

प्रथम हुकुमाविषयी. पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजी हल्ला झाला आणि पुढचा हंगाम भरवावा की नाही, हा प्रश्न संघमालकांपुढे उभा राहिला. बेसबॉलचे आयुक्त आणि माजी न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी १४ जानेवारी १९४२ रोजी रुझवेल्ट यांना पत्र लिहून त्यांचे मत विचारले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना उत्तर मिळाले. ‘ग्रीन लाइट पत्र’ म्हणून प्रसिद्ध असलेले उत्तर ते हेच. त्यात रुझवेल्ट आरंभीच स्पष्ट करतात की अंतिम निर्णय आयुक्त आणि संघमालक यांचा आहे, आणि आपण जे लिहीत आहोत ते वैयक्तिक मत आहे, सरकारी भूमिका नव्हे. पुढे ते कारणे देतात : लोकांना आता पूर्वीपेक्षा जास्त तास आणि जास्त कष्टाने काम करावे लागणार असल्यामुळे विरंगुळ्याची गरज वाढेल, सामना दोन-अडीच तासांत संपतो आणि फारसा खर्चिक नसतो, दिवसपाळीच्या कामगारांना पाहता यावेत म्हणून रात्रीचे सामने वाढवावेत, आणि सुमारे ३०० संघांतले पाच-सहा हजार खेळाडू निदान दोन कोटी नागरिकांची करमणूक करतात. हे मत आहे, हुकूम नाही. हा फरक किरकोळ वाटेल, पण सरकारने खरोखर आदेश काढला की काय होते, हे बेसबॉलने आधी अनुभवले होते. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ‘काम करा नाहीतर लढा’ असा आदेश निघाला, बेसबॉल हे आवश्यक काम ठरले नाही, हंगाम सप्टेंबरच्या आरंभीच आटोपता घ्यावा लागला आणि वर्ल्ड सिरीज त्याच महिन्यात उरकण्यात आली.

सूट दिल्याचा दावा तर त्याच पत्राच्या विरुद्ध जातो. सैन्यात जाण्याच्या वयाच्या खेळाडूंनी निःसंशय सैन्यातच जावे, असे रुझवेल्ट यांनी त्यात लिहिले आहे. वयस्क खेळाडू जास्त घ्यावे लागून खेळाचा दर्जा उतरला तरी लोकप्रियता कमी होणार नाही, असेही त्यांनी पुढे म्हटले आहे. म्हणजे खेळ चालावा आणि खेळाडू जावेत, असा त्या पत्राचा दुहेरी आशय होता. फिरणाऱ्या मजकुरात त्याचा पहिला अर्धा भाग तेवढा उरला आहे.

आणि खेळाडू खरोखरच गेले. क्लीव्हलंडचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) बॉब फेलर याला वडील गंभीर आजारी असल्यामुळे भरती टाळता आली असती. तरी पर्ल हार्बरनंतर दोन दिवसांच्या आतच तो नौदलात दाखल झाला आणि पुढे ‘अलाबामा’ या युद्धनौकेवर विमानविरोधी तोफेवर त्याने काम केले. डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग हे उदाहरण अधिक बोलके आहे. तो १९४१ सालीच भरती झाला होता, वयाच्या नियमामुळे ५ डिसेंबरला त्याची सुटका झाली, आणि दोन दिवसांनी हल्ला होताच त्याने पुन्हा नाव नोंदवले. बी-२९ बॉम्बफेकी विमानांच्या दलाबरोबर तो भारतात आणि चीनमध्येही होता. टेड विल्यम्स आईचा एकमेव आधार म्हणून १९४२ चा हंगाम खेळला, पण ही सवलत त्याच परिस्थितीतल्या कोणाही नागरिकाला मिळत होती. तरीही त्याच्यावर टीका झाली, आणि १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे त्याने नौदलाच्या विमानदलात काढली. मेजर लीगमधले सुमारे ५०० खेळाडू सैन्यात गेले. एल्मर गेडियन एप्रिल १९४४ मध्ये फ्रान्समध्ये आणि हॅरी ओनील मार्च १९४५ मध्ये इवो जिमा येथे मारला गेला. छोट्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीवरच्या, लीगमधल्या मृत खेळाडूंची संख्या शंभराहून अधिक आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे : गणवेशातले सगळेच नामवंत आघाडीवर नव्हते. जो डिमाजिओची सैन्यातली बरीचशी वर्षे लष्करी तळांच्या संघांकडून बेसबॉल खेळण्यातच गेली. मात्र हा लष्कराने केलेला वापर होता. त्याला भरतीतून मिळालेली सूट म्हणता येत नाही. उलट १९४४ च्या अखेरीस, तंदुरुस्ती नसल्यामुळे नाकारलेल्या व्यावसायिक खेळाडूंची फेरतपासणी करण्याचा आग्रह सरकारकडूनच धरला गेला. धावू शकणारा माणूस लढू कसा शकत नाही, ही लोकांची शंका त्यामागे होती.

नामवंत नसतील तर प्रेक्षक येणार नाहीत, या गृहीतकाचे पुढे काय झाले तेही पाहावे. १९४३ साली मेजर लीगची प्रेक्षकसंख्या सुमारे ७५ लाखांपर्यंत घसरली हे खरे. पण १९४५ साली, बहुतेक मोठे खेळाडू हंगामाच्या बऱ्याच भागात परतलेले नसताना, ती १ कोटी ८ लाखांवर गेली, आणि तोवरचा तो विक्रम होता. युद्ध संपत आल्याचा हुरूप त्यात होताच.

हंगाम नेहमीसारखे होते, हे विधान मेजर लीगच्या सोळा संघांपलीकडे न पाहिल्यामुळे केले जाते. १९४१ साली देशभर चाळीसहून अधिक छोट्या लीग चालत होत्या. १९४३ पर्यंत त्या दहाच्या आसपास उरल्या. रेल्वेवरचा भार कमी करण्यासाठी संघांनी फ्लोरिडाचे ऊन सोडून उत्तरेच्या थंडीत हंगामपूर्व सराव केला. रबराच्या टंचाईमुळे १९४३ च्या आरंभी वापरलेला चेंडू इतका मेलेला, म्हणजे न उसळणारा, निघाला की काही आठवड्यांतच तो बदलावा लागला. निवडक नामवंतांचा वार्षिक ऑल-स्टार सामना १९४५ साली झालाच नाही.

स्त्रियांच्या लीगविषयी थोडक्यात. शिकागो कब्जचे मालक फिलिप रिग्ली यांनी १९४३ साली ती सुरू केली, पण रॉकफर्ड, साउथ बेंड, केनोशा आणि रसीन या मध्यम आकाराच्या शहरांतल्या चार संघांची ती स्वतंत्र लीग होती. तिने मेजर लीगची जागा घेतली नाही, मेजर लीगच्या संघांत एकही स्त्री खेळली नाही, आणि युद्धानंतरही ती १९५४ पर्यंत चालली. तिला कोणाची तात्पुरती बदली म्हणणे हा तिच्यावरच अन्याय आहे.

राहता राहिला, खेळाडू कमी पडल्यावर ‘मिळेल त्याला घेतले’ हा समज. सिनसिनाटीने १० जून १९४४ रोजी जो नक्सहॉल या १५ वर्षांच्या मुलाला पिचर म्हणून उतरवले, आणि १९४५ साली सेंट लुईस ब्राउन्सकडून उजवा हात नसलेला पीट ग्रे ७७ सामने खेळला, हे खरे आहे. तथापि याच वर्षांत जॉश गिब्सनसारखा फलंदाज होमस्टेड ग्रेज संघाकडून निग्रो लीगमध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये, खेळत होता आणि मेजर लीगच्या एकाही मालकाने त्याला संघात घेतले नाही. खेळाडूंचा तुटवडा इतका होता की शाळकरी पोराला पिचर म्हणून उभे करावे लागले, परंतु काळ्या खेळाडूंना असलेली अलिखित बंदी त्या तुटवड्यानेही हलली नाही. मेजर लीगमधल्या ब्रुकलिन संघाच्या व्यवस्थापनाने जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूशी करार केल्याचे २३ ऑक्टोबर १९४५ रोजी जाहीर झाले, तेव्हा युद्ध संपून गेले होते. आणि मेजर लीगमधला त्याचा पहिला सामना १५ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे सैन्यातून परतलेल्या खेळाडूंनी सगळे संघ पुन्हा भरून गेल्यावर झाला.