दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, पण लस आजच घ्यायची

व्हॉट्सअ‍ॅपवर रेबीजबद्दल फिरणारा मजकूर थोडक्यात असा: 'प्राणी चावला तर घाबरू नका. दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. तो जिवंत राहिला तर इंजेक्शनची गरज नाही. त्याला लस दिलेली असेल तर प्रश्नच नाही. फारच शंका आली तर मारून टाका, विषय संपला.'

पहिलं वाक्य ठीक आहे. पुढच्यांचं बघू.

'दहा दिवस थांबा.' दहा दिवसांचा नियम खरा आहे, म्हणूनच हा मजकूर पटतो. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूंमार्गे मेंदूत जातो, तिथे वाढतो आणि मग लाळेत उतरतो. लाळेत तो आला की कुत्रा एकतर आधीच आजारी असतो, नाहीतर थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतो. म्हणजे दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण हे कळणार दहाव्या दिवशी. तोवर तुमच्या जखमेत विषाणू शिरला असेल तर तो काही थांबून राहत नाही. लस घेतल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायलाही साधारण सात ते चौदा दिवस जातात. लक्षणं बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी दिसतात हे खरं, पण आठवड्याभरातही दिसू शकतात. चेहऱ्यावर, डोक्यावर चावा असेल तर मेंदू जवळच असतो. आणि लक्षणं दिसली की हातात जवळपास काहीच उरत नाही.

म्हणून क्रम असा: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा (घड्याळ लावून बघा, बराच वेळ असतो तो), त्याच दिवशी लस सुरू करा, आणि कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर उरलेले डोस डॉक्टरांना विचारून थांबवा. त्वचा फाडून दात आत गेला असेल तर लसीबरोबर जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही (म्हणजे तयार प्रतिपिंडं) टोचतात. दहा दिवस आहेत ते लस थांबवायची की नाही हे ठरवण्यासाठी.

बरं, 'लक्ष ठेवा' म्हणजे गॅलरीतून बघणं नव्हे. प्राणी बंदिस्त हवा, इतर प्राण्यांपासून वेगळा. आवाज बदलला, जबडा लोंबला, गिळता येईना, मागचे पाय लडखडले तर लगेच पशुवैद्यांना कळवायचं. पिसाळलेला कुत्रा अंगावरच येतो असं नाही. कोपऱ्यात गप्प पडून राहणाराही रेबीजचा असू शकतो. आणि कुत्रा सापडलाच नाही तर तो रेबीजचा होता असं धरूनच उपचार पूर्ण करायचे.

मजकुरात 'प्राणी' म्हटलंय, तेही चूक. हा हिशेब कुत्र्या-मांजरांपुरता आहे. माकड, कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ यांना तो लागू नाही.

'लस दिलेली असेल तर प्रश्नच नाही.' लसीमुळे धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. डोस वेळेवर झाले का, कागद आहे का, हे बघावंच लागतं. आणि लसवंत कुत्राही चावल्यावर दहा दिवस देखरेखीखालीच असतो. या काळात त्याला घाईने रेबीजची लस टोचून आणू नका. नंतर सुस्ती आली तर ती लसीची की रोगाची, हे ओळखणं अवघड होतं.

'मारून टाका.' हा सल्ला सगळ्यात वाईट. निरोगी कुत्रा मारला की दहाव्या दिवशी मिळणारं उत्तर गेलं. मग खात्री मेंदूच्या तपासणीतूनच होते, आणि डोक्यात काठ्या घालून मारलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासण्याजोगा राहीलच असं नाही. प्राणी खरोखर रेबीजचा वाटत असेल तर त्याचं काय करायचं हे आरोग्य खातं आणि पशुवैद्य ठरवतात. मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत थंड ठेवून जातो, आणि त्या अहवालाची वाट बघतही लस थांबवत नाहीत.