हसू आले तरी मत बदलू नये

बँक लुटण्याचा बेत फसतो आणि त्यातून गोंधळ उडतो, अशा जातीचा विनोदी चित्रपट पाहण्यास फारसे कौशल्य लागत नाही. कौशल्य लागते ते त्यावर मत देण्यास. चित्रपट दोनेक तासांत संपतो, मत मात्र पुढे लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या गच्चीपर्यंत अंगावर वागवावे लागते. म्हणून सुजाण प्रेक्षक मत आधी तयार करतो आणि वेळ उरलाच तर चित्रपट पाहतो. उदाहरणादाखल आपण १६ जून २०१७ रोजी प्रदर्शित झालेला ‘बँक चोर’ हा हिंदी चित्रपट घेऊ. त्यात रितेश देशमुख चंपक चंद्रकांत चिपळूणकर नावाचा चोर झाला आहे, विवेक ओबेरॉय अमजद खान नावाचा सीबीआय अधिकारी झाला आहे, बाबा सेहगल हा बाबा सेहगलच झाला आहे, आणि दिग्दर्शकाने स्वतःचे नाव केवळ बम्पी एवढेच लावले आहे. इतकी सामग्री समोर असताना ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी गप्प बसावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

सुरुवात नावापासून करावी. या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवर जाहिरातवाल्यांनी जो खेळ केला, तो आपल्याला पहिल्या क्षणी समजला होता. तरीही तो समजलाच नाही असा चेहरा ठेवून ‘हल्ली नावे कशी ठेवतात कोण जाणे’ असे म्हणावे. श्रोत्यांपैकी कोणी विचारलेच की काय वाईट आहे या नावात, तर त्याच्याकडे दयेने पाहावे. आपल्या ओळखीत एखादे वकील असतील तर अधिक चांगले, कारण ते चित्रपट आला तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ३९१ काढून सांगतील की पाच किंवा अधिक जण एकत्र आल्याखेरीज कायद्याच्या भाषेत दरोडा होतच नाही. चित्रपटातील चोर मोजून तीन. त्यामुळे हा गुन्हा फार तर जबरी चोरी ठरतो, आणि त्याला दरोड्यावरचा चित्रपट म्हणणाऱ्या प्रेक्षकाचे अज्ञान तिथेच उघडे पडते. हा आक्षेप विनोदाला कोठेही स्पर्श करीत नाही, हेच त्याचे खरे बळ होय.

दुसरे साधन आकड्यांचे. चित्रपट तिकीटखिडकीवर पडला म्हणजे तो वाईट होता, आणि चालला म्हणजे लोकांची अभिरुची घसरली, ही दोन वाक्ये जोडीने जवळ बाळगली की कोणत्याही चित्रपटाविषयी माणूस निर्धास्त राहतो. ‘बँक चोर’ पडला. तो प्रदर्शित झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, म्हणजे १८ जूनला, लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स करंडकाचा भारत आणि पाकिस्तान यांच्यातील अंतिम सामना होता, आणि बराचसा देश दूरचित्रवाणीसमोर बसून १८० धावांचा पराभव पाहत होता, हा तपशील मात्र चर्चेत येऊ देऊ नये. त्या रविवारी चित्रपटगृहाकडे न फिरकलेल्या माणसाने सोमवारी ‘प्रेक्षकांनी नाकारला’ असे सांगावे. प्रेक्षकांमध्ये तो स्वतःही मोडतो, तेव्हा त्याचे म्हणणे खोटे आहे असे कोण म्हणेल?

आता मुख्य शस्त्राकडे वळू. ते शस्त्र म्हणजे तर्क. विनोदी चित्रपटात तर्क नसतो अशी एक आळशी समजूत आहे. तर्क नसता तर त्याची उणीव आपल्याला पदोपदी कशी जाणवली असती? बँकेवरील चित्रपटाच्या बाबतीत तर मराठी घरे विशेष भाग्यवान आहेत, कारण जवळपास प्रत्येक कुटुंबात बँकेतून निवृत्त झालेली एक तरी व्यक्ती असते, आणि तिच्यासमोर बँकेचे दृश्य लावणे म्हणजे आचाऱ्यासमोर वाटी-चमच्याने भातुकली मांडण्यासारखे असते. माझे एक काका २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बाहेर पडले. योजनेतून मिळालेल्या रकमेचे पुढे काय झाले हे त्यांनी कोणाला सांगितलेले नाही, परंतु तिजोरीविषयी ते अजूनही सांगतात. हा चित्रपट मी त्यांच्या शेजारी बसून पाहिला. चोर साधूच्या वेशात आणि हत्ती-घोड्याचे मुखवटे घालून बँकेत शिरतात, याबद्दल काकांनी काहीच हरकत घेतली नाही. मार्चअखेरीस त्यांनी काउंटरपलीकडे याहून चमत्कारिक माणसे पाहिली असावीत. त्यांची हरकत वेगळी होती. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे वाटून दिलेल्या असतात, एकट्याने ती उघडता येत नाही, मग दुसरा किल्लीवाला कोठे आहे, हा प्रश्न त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत चार वेळा विचारला. पडद्यावर गोळीबार चालू असताना त्यांना काळजी होती ती जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर कोण बसले आहे याची. मध्यंतरापूर्वी ते एकदा मोठ्याने हसले, पण लगेच भानावर येऊन त्यांनी खोकल्याचे निमित्त केले. वाचकांनी हे तंत्र आत्मसात करावे. हसणे ही शारीरिक क्रिया आहे, तिच्यावर माणसाचा ताबा नसतो. मत ही मात्र आपली स्वतःची मिळकत असते, आणि कोणाच्या तरी तोंड वेडेवाकडे करण्यामुळे ती हातची घालवणे शहाणपणाचे नव्हे.

तर्काचा मुद्दा मांडताना एक पथ्य पाळावे, ते असे की खऱ्या बँकांच्या खऱ्या लुटीचा विषय निघाला की पाणी प्यायला उठावे. कारण त्या लुटींतली माणसे आपल्या बाजूने साक्ष देत नाहीत. २४ मे १९७१ रोजी दिल्लीतील संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेत मुख्य रोखपालांना एक दूरध्वनी आला, पलीकडून पंतप्रधानांचा म्हणून आवाज ऐकू आला, आणि त्या आवाजाच्या सांगण्यावरून त्यांनी ६० लाख रुपये बँकेबाहेर नेऊन, सांकेतिक शब्द सांगणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाच्या हवाली केले. मुखवटा नाही, बंदूक नाही, भुयार नाही. पुढे रोखपाल पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेले ते पावती मागण्यासाठी, आणि पावती मिळेना तेव्हा प्रकरण उघडकीस आले. पैसे नेणाऱ्या गृहस्थाच्या आडनावावरून नगरवाला प्रकरण या नावाने ते आजही ओळखले जाते. असा प्रसंग एखाद्या लेखकाने विनोदी पटकथेत लिहिला असता तर आपण त्याला ‘प्रेक्षकांना मूर्ख समजतात’ या वाक्याने जागच्या जागी संपवले असते. माझ्या काकांना मी हे प्रकरण सांगून पाहिले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की पावती मागायला गेला, म्हणजे माणूस खरा बँकेतला होता.

तीच गोष्ट अमेरिकेतील पिट्सबर्गची. १९९५ साली तेथे एका माणसाने दिवसाढवळ्या, उघड्या चेहऱ्याने दोन बँका लुटल्या. चेहऱ्याला त्याने लिंबाचा रस चोळला होता, कारण लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरे दिसत नाहीत, तेव्हा लिंबाचा रस लावलेला चेहराही कॅमेऱ्याला दिसणार नाही, असा त्याचा हिशेब होता. पोलिसांनी पकडल्यावर त्याला खरोखरच आश्चर्य वाटले. डनिंग आणि क्रूगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याची सुरुवात या लिंबूवाल्यापासून होते. ज्याला एखाद्या विषयातले कमी कळते त्याला आपल्याला किती कमी कळते हेही कळत नाही, अशा आशयाचा तो निबंध आहे. चित्रपटांवरील मतांशी त्याचा काही संबंध नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

आणि जुईनगर तर आपल्या घरचेच. ‘बँक चोर’ येऊन गेल्यावर पाचच महिन्यांनी, २०१७ च्या नोव्हेंबरात, नवी मुंबईच्या या उपनगरात काही जणांनी बँकेजवळचा गाळा भाड्याने घेतला, तेथे दुकान थाटले, आतून भुयार खणून बँकेच्या लॉकरखोलीत प्रवेश केला आणि लॉकर फोडले. तेव्हा ‘चित्रपटासारखे वाटते’ असे म्हणणाऱ्यांमध्ये, जूनमध्ये ‘असे कुठे असते का’ म्हणणारे नक्कीच असणार. दोन्ही मते एकाच तोंडातून निघण्यात काही गैर नाही; मधे पाच महिने गेले होते.

चंपक चंद्रकांत चिपळूणकर या नावामुळे मराठी प्रेक्षकावर अधिक जबाबदारी येऊन पडते. हिंदी चित्रपटात मराठी पात्र आले की ते घरकाम करणारी बाई असते नाहीतर हवालदार, ही आपली तक्रार जुनी आणि रास्त आहे. येथे मराठी माणूस नायक आहे. त्यामुळे तक्रार अधिक कष्टाने करावी लागते. तो बावळट आहे असे दाखवले तर अस्मितेचा प्रश्न काढावा, आणि तो हुशार निघाला तर मराठी माणसाला चोर दाखवल्याचा. दोन्ही कागद खिशात असू द्यावेत. मराठी माणूस धंद्यात पडत नाही अशी ओरड वर्षानुवर्षे चालू आहे, आणि येथे एकदाचा पडला तर त्याचे दोन्ही भागीदार दिल्लीकडचे. या मुद्द्यावर तर एखाद्या परिसंवादाची सोय होऊ शकते. मुंबई चांगली की दिल्ली यावर ते तिघे बँक लुटता लुटता वाद घालतात, हे मात्र मला अतिशय वास्तववादी वाटले, पण हे माझे खासगी मत असल्यामुळे येथे देत नाही.

त्यानंतर ‘हे कुठून तरी उचलले आहे’ असे सांगण्याची वेळ येते. कुठून, हे सांगण्याची सक्ती नसते. तरीही आग्रह झाला तर ‘मनी हाइस्ट’ या स्पॅनिश मालिकेचे नाव घ्यावे. ते सर्वांना ठाऊक असते. ती मालिका स्पेनमध्ये २ मे २०१७ रोजी सुरू झाली, जगभर पोहोचली ती त्याच वर्षाच्या अखेरीस, आणि ‘बँक चोर’ जूनमध्येच येऊन गेला होता, असे कोणी तारखा दाखवून म्हणेल. त्याला ठामपणे सांगावे की दीड महिन्यात कल्पना चोरून, पटकथा लिहून, चित्रीकरण उरकून जर कोणी चित्रपट पडद्यावर आणत असेल, तर त्याच्याकडे मुंबईतील रखडलेले उड्डाणपूल तातडीने सोपवले पाहिजेत. शिवाय त्या मालिकेतील पहिली लूट बँकेत होतच नाही, ती टांकसाळीत होते. पण एवढ्या खोलात जाणारा माणूस पंगतीत शेजारी बसला असेल तर आपण मठ्ठा वाढून घ्यावा.

शेवटी येणाऱ्या कलाटणीविषयी मत एकच असते आणि ते चित्रपट सुरू होण्याआधीही देता येते: ‘मला आधीच कळले होते.’ ज्यांनी अद्याप पाहिलेला नाही त्यांचा रसभंग होऊ नये म्हणून ‘सांगत नाही, पण त्या अमुक माणसावर लक्ष ठेवा’ एवढेच सांगून थांबावे.

गंभीर प्रकृतीच्या वाचकांसाठी सामाजिक आशयाचे दालन उघडे आहे. अशा चित्रपटांमुळे चोरांचे उदात्तीकरण होते आणि बँकांवरील जनतेचा विश्वास उडतो, असे मत त्यांनी अवश्य द्यावे. फक्त देताना समोर कोण बसले आहे ते पाहावे. हा चित्रपट आला तेव्हा नोटाबंदीला जेमतेम सात महिने झाले होते. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर ज्यांनी आपलेच पैसे काढण्यासाठी पहाटेपासून रांगा धरल्या होत्या, त्यांना पडद्यावर बँकेत कोंडलेले ओलीस दिसले, तेव्हा त्यांच्या मनात भीतीऐवजी असूया उत्पन्न झाली असल्यास नवल नाही. त्या ओलिसांना निदान बसायला जागा मिळाली होती. आणि आज हाच चित्रपट घरी बसून पाहणाऱ्यांमध्ये एखादा पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, बँकेचा एके काळचा खातेदार असू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच्या बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सहा महिन्यांत १००० रुपये काढण्याची मुभा त्याला सुरुवातीला देण्यात आली होती. ती रक्कम नंतर टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, हे खरे. पण पहिला दिवस त्याच्या लक्षात राहिला आहे. बँक लुटायला बाहेरून माणसे येतात, ही कल्पनाच त्याला जुन्या वळणाची, काहीशी निरागस वाटते. त्याच्या हसण्यातून त्याचे चित्रपटाविषयीचे मत ओळखायला जाऊ नये.

राहता राहिले तारे. पाचापैकी अडीच द्यावेत. दोन दिले तर कठोर ठरतो, तीन दिले तर चित्रपट आवडला असे लोक समजतात. अडीचमध्ये माणूस कोणाच्याच तावडीत सापडत नाही. माझ्या काकांनीही अडीचच दिले आणि अर्धा तारा इमारतीच्या बांधकामाबद्दल आहे असे स्पष्ट केले.

त्यानंतर साधारण आठवड्याने मी रात्री पाणी प्यायला उठलो, तर दिवाणखान्यात अंधार होता, दूरचित्रवाणीचा आवाज अगदी बारीक केलेला होता, आणि त्याच चित्रपटाच्या उजेडात काकांचे खांदे गदागदा हलत होते. मला पाहताच त्यांनी चष्मा पुसला आणि विचारण्याआधीच सांगितले की शेवटी लुटीची कॅश टॅली होते की नाही, तेवढेच ते तपासत होते.

झाली का, असे मी विचारले.

“नाही,” ते गंभीरपणे म्हणाले, “पुन्हा सुरुवातीपासून मोजावी लागणार.”